स्वस्त गिटार आणि दुसरे शील

गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमासाठी आमच्या वस्तीतील मुलांनी वाद्यवृंद बसविला. अकरावीत शिकणारा माझा मुलगा त्यात गिटार वाजविणार होता. दुकानात नव्या गिटारची किंमत आठ हजारांच्या घरात होती. घराचा हप्ता आणि क्लासची फी भागवून तेवढी रक्कम काढणे मला जड होते. अशा वेळी ओळखीतल्या एकाच्या ओळखीचा माणूस तशीच गिटार पंधराशे रुपयांत देतो म्हणाला. नालासोपारा स्टेशनबाहेर आम्ही भेटलो. पावती नव्हती. गिटारच्या पोटात, तारांखालच्या गोल भोकातून दिसेल अशी, कंपनीची चिठ्ठी असते. ती अर्धी फाडलेली होती आणि उरलेल्या नंबरावर शाई फासली होती. मी घासाघीस करून तेराशे रुपये दिले. किंमत दोनदा विचारली. चिठ्ठी का फाडली, हे एकदाही विचारले नाही.

घरी मुलाने टॉर्च मारून आत पाहिले आणि विचारले, "पप्पा, ही आधी कोणाची होती?"

बँकेत सोनेतारण कर्ज देताना दागिना स्वतःचाच आहे, असे मी रोज कर्जदारांकडून लिहून घेतो. त्या दिवशी मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की, चोरणारा तो चोर. पैसे मोजून घेणारा निर्दोष. कायदा असे मानत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१७ नुसार (पूर्वीच्या दंडविधानात कलम ४११) चोरीची वस्तू, ती चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. "तसे मानण्यास कारण असताना" हे शब्द विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावेत. फाडलेली चिठ्ठी, पुसलेला नंबर, पाचपट कमी किंमत ही सगळी कारणेच आहेत.

दुसरी गोष्ट मालकीची. १९३० च्या माल विक्री कायद्याचे २७ वे कलम सांगते की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. काही अपवाद आहेत, पण चोराला मालकी नसते, म्हणून तो ती दुसऱ्यास देऊही शकत नाही. अशी वस्तू दहा हात फिरली तरी मूळ मालकाची राहते. पोलिसांनी ती मुद्देमाल म्हणून जप्त केली, तर आपले पैसे आणि वस्तू दोन्ही जातात.

लोकलमध्ये सापडलेल्या वस्तूचेही तसेच आहे. विरार गाडीच्या रॅकवर कोणी विसरलेली गिटार सापडली म्हणून ती आपली होत नाही. मालकाचा शोध घेण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःसाठी वापरणे वा विकणे हाही गुन्हा आहे.

शील काय सांगते?

पंचशीलातील दुसरे शील अदत्तादानापासून दूर राहण्याचे आहे. अदत्त म्हणजे न दिलेले. पाली अट्ठकथांत या दोषाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरण्याचे चित्त, त्यासाठी प्रयत्न, आणि वस्तू जागेवरून हलविणे. एखादा हुशार माणूस म्हणेल, "मला माहीत नव्हते, मग माझे शील कोठे मोडले?" मीही मनाशी हेच म्हणत होतो. परंतु माहीत नसणे वेगळे आणि माहीत होऊ नये म्हणून न विचारणे वेगळे. मी तोंड बंद ठेवले ते मुद्दाम. विचारले असते तर स्वस्त गिटार हातची गेली असती.

शिवाय ती गिटार कोणाची असेल? आपल्या वसईत चर्चच्या गायनवृंदात वाजविणारी पोरे आहेत, लग्नाच्या बँडवर पोट भरणारे वादक आहेत. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्याची ओढ काय असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. माझ्या मुलाच्या हौसेपायी दुसऱ्या कोणाचा रियाज बंद पडला असेल, तर ते वाद्य जयंतीच्या मंचावर कसे शोभेल?

वसईच्या घंटा

येथे कोणी इतिहासाचा दाखला देईल. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यानंतर चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. वाईजवळ मेणवलीला अशीच घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. मग जुनी झाली की वस्तू आपली होते काय?

लढाईतील लूट न्याय्य की अन्याय्य, हा मोठा वाद आहे आणि तो या लेखात मिटणारा नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मेणवलीच्या घंटेवरील साल आणि आकृती कोणी खरवडून टाकली नाही. ती कोठून आली हे आजही ती स्वतःच सांगते, म्हणून तिच्याविषयी उघडपणे बोलता येते. माझ्या गिटारवरची खूण मात्र पुसलेली होती. जिथे मूळ लपवावे लागते, तिथे व्यवहारात खोट असते.

विद्यार्थ्यांसाठी चार सूचना

जुने वाद्य घेणे यात कमीपणा नाही. विकणारा गरीब दिसतो म्हणून त्याच्यावर संशय घेणेही चूक. असा संशय आपल्या लोकांच्या वाट्याला पुष्कळ आला आहे. म्हणून माणसाचे कपडे पाहू नका, वस्तूची माहिती विचारा.

१. "कोठून घेतली? का विकता?" हे प्रश्न न लाजता विचारा. प्रामाणिक माणूस रागावत नाही.
२. नंबर पाहा. साध्या गिटारला तो बहुधा आतल्या चिठ्ठीवर, इलेक्ट्रिक गिटारला बहुधा डोक्याच्या मागे असतो.
३. मूळ पावती नसेल, तर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, नंबर व तारीख घालून सहीची चिठ्ठी घ्या. पैसे खात्यातून द्या, म्हणजे नोंद राहते.
४. संशय आला तर घेऊ नका. घेऊन बसला असाल, तर दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

चौथी सूचना मी स्वतः उशिरा पाळली. पोलीस ठाण्यात आपल्यालाच चोर समजतील, या भीतीने चार रात्री झोप नव्हती. शेवटी संस्थेतील एका ज्येष्ठ सभासदांना बरोबर घेऊन गेलो, सगळे लिहून दिले आणि गिटार जमा केली. तेराशे रुपये गेले. जयंतीला मुलाने मित्राची गिटार मागून घेऊन वाजविली. कार्यक्रम संपल्यावर ती कोणाची, हे त्याने माईकवरून सांगितले आणि मित्राचे आभार मानले.