गोल्फचा विजेता आणि भाताचं खाचर

खोपोलीच्या एका वाचकांनी पत्रातून विचारलं आहे : माझा भाचा गोल्फची मोठी स्पर्धा आली की आदल्या रात्री मोबाइलवर 'संभाव्य विजेते' वाचत बसतो आणि त्यावरून पैज लावतो. यात शास्त्र किती आणि मटका किती?

कायद्याचं आधी उरकून टाकतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. तेव्हा भाचेबुवांनी वडापावच्या पैजेवर थांबावं. वडा कर्जत स्टेशनवरचा असेल तर हरणाऱ्याचंही फार बिघडत नाही.

आता शास्त्र. गोल्फचं मैदान पाहायला आपल्याकडून खारघरपर्यंत जावं लागेल, पण या प्रश्नाचं उत्तर त्याहून जवळ, कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही भाताची वाणं त्याच केंद्राची. एखाद्या खाचरात मणभर भात जास्त उतरला म्हणून तिथे कोणी नव्या वाणाला हार घालत नाही. तो गुण वाणाचा, की बांधातून झिरपलेल्या पाण्याचा, की गेल्या साली तिथे शेणखताचा ढीग होता त्याचा? म्हणून तेच वाण शेताच्या निरनिराळ्या भागांत पुन्हा पुन्हा लावायचं, आणि कुठल्या वाफ्यात कुठलं वाण जाणार हे चक्क चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतावर रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात ही पद्धत बसवली. (चिठ्ठ्यांचं मडकं मटक्याच्या धंद्यासाठी कल्याणजी भगत यांनीही १९६२ साली मुंबईत मांडलं. मडकं तेच, एकानं भात वाढला, दुसऱ्यानं उधारी.)

गोल्फची एक स्पर्धा म्हणजे असं एकच खाचर. तिथे ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकतो. लिंबूटिंबू सोडा, जगातल्या उत्तम खेळाडूचाही एका फेरीतला आकडा त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती तीनेक फटक्यांनी वरखाली होत असतो. स्पर्धेच्या चार फेऱ्यांत हा झोका चौपट होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबानं दुप्पट होतो, म्हणजे सहा फटके. आता मैदानात दीडशे जण आहेत. सगळे अगदी सारख्या ताकदीचे मानले, तरी त्यातल्या सर्वांत नशीबवानाला निव्वळ नशिबानं अडीच झोके, म्हणजे पंधराएक फटके फुकट मिळतील. जगातला अव्वल खेळाडू सरासरी स्पर्धकाहून फेरीला दोन-अडीच फटके सरस, म्हणजे चार फेऱ्यांत आठ-दहा. पाकिटाच्या पाठीवर केलेलं हे ढोबळ गणित आहे, पण मुद्दा कळायला पुरतं. अव्वल माणसालाही वरचे पाच-सात फटके नशिबाकडूनच उसने घ्यावे लागतात. म्हणून यादीत पहिलं नाव असलेला खेळाडू दहातून एखाद-दोन वेळा जिंकतो, उरलेल्या वेळी हरतो, आणि तरीही त्याचं नाव पहिलं लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

उदाहरणं हवीत? २००३च्या ब्रिटिश ओपनला बेन कर्टिस आला तो जागतिक क्रमवारीत ३९६वा, आयुष्यातली पहिलीच मोठी स्पर्धा खेळायला. जिंकून गेला. २०१९ साली हीच स्पर्धा उत्तर आयर्लंडमध्ये, रॉरी मॅक्लरॉयच्या अंगणात होती आणि भाव त्याच्याच नावावर होता. पहिल्याच होलला त्यानं आठ फटके घेतले, फेरीत ७९, आणि दोन दिवसांत घरी. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत संयुक्त पाचवा आला, तेव्हा त्या आठवड्याच्या किती याद्यांत त्याचं नाव असेल?

मग अंदाज करायचाच नाही का? करायचा, पण वाण बघून. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांची मोजदाद केली. आठ फुटांवरून चेंडू एका फटक्यात होलमध्ये जाण्याची शक्यता या मंडळींच्या बाबतीत निम्मी असते. तिथून सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. प्रत्येक फटक्याचा असा जमाखर्च मांडल्यावर दिसलं, की थोरांचं थोरपण दोन-तृतीयांश लांबच्या फटक्यांत आहे. होलजवळच्या ज्या नाजूक फटक्यावर टीव्हीचा कॅमेरा खिळलेला असतो, तो त्या आठवड्याच्या पाण्यासारखा, आज आहे उद्या नाही. गेल्या रविवारी त्याच्या जोरावर जिंकलेल्याचं नाव या गुरुवारी यादीत वर चढतं, आणि तिथेच गफलत होते. (अंतरानुसार किती फटके लागतात, हे अॅलास्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८च्या पुस्तकात मांडलं होतं, संगणकाच्या लाडाकोडाआधी. कौतुक मात्र ब्रॉडींच्या वाट्याला आलं.)

पण दुर्लक्षितांचा विषय निघालाच आहे, तर मला सांगायचं आहे ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, पुण्यात फर्ग्युसन, मग लंडन. पुढे विनायक पानसे यांच्यासह त्यांनी पीक कापणीचं शास्त्र देशात रुजवलं. दोघांचं १९५४चं संख्याशास्त्राचं पुस्तक शेतकी विद्यार्थी अजून 'पानसे-सुखात्मे' म्हणूनच ओळखतात. आज खालापुरात पैसेवारीसाठी शिवारातला ठरावीक मापाचा चौकोन कापून, झोडून, भात तोलतात, त्यामागे ही डोकी आहेत. चौकोन केवढा असावा यावर त्या काळी वाद होता. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की तुकडा लहान असेल तर उत्पन्न फुगून येतं. कारण मोठं गमतीचं आहे. दोरीवर येणारं रोप आतलं की बाहेरचं, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. लबाडी नाही, हाताची सवय. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या वाट्याला दोरी जास्त.

संभाव्य विजेत्यांच्या याद्या मला नेहमी अशा लहान तुकड्यांसारख्या वाटतात. 'या मैदानावर हा दोनदा पहिल्या दहांत आला', 'वाऱ्यात चांगला खेळतो', 'नुकताच बाप झाला आहे, मन प्रसन्न आहे' : सगळी दोरीवरची रोपं, हलक्या हातानं आत ओढलेली. वर बुकी आपला वाटा काढतो ते निराळंच. यादीतल्या प्रत्येकाच्या भावातून निघणारी शक्यता मांडून बेरीज करा, शंभर टक्क्यांच्या बरीच वर जाते. जिंकण्याची आशा धूसर असलेल्या नावांवर तर माणसं लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, हे ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घोड्यांच्या शर्यतींवरून १९४९ मध्येच नोंदवलं आहे.

अंदाज पडताळून कसा पाहावा, याची महाभारतातल्या नलोपाख्यानात सुरेख गोष्ट आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवराला रथातून चालला आहे, सारथी बाहुक, म्हणजे वेषांतरातला नल. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. बेहड्याच्या बिया म्हणजे तेव्हाचे फासे. माथेरानखालच्या रानात हे झाड आजही भेटतं. राजा धावत्या रथातून नजर टाकून सांगतो : या दोन फांद्यांवर दोन हजार पंचाण्णव फळं. द्यूताचं रहस्य आणि नमुन्यावरून मोजणी या दोन्ही विद्या त्याच्यापाशी एकत्र आहेत, हे मला फार आवडतं. पण त्याहून आवडतो नल. राजाला घाई, मुहूर्त टळेल म्हणून तो कासावीस, तरी हा रथ थांबवतो, खाली उतरतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. तेवढीच भरतात. मगच तो ती विद्या मागतो.

तर खोपोलीकर मामा, भाच्याच्या मोबाइलमध्ये गेल्या दोन वर्षांच्या याद्या असतील. वर्षाला चार मोठ्या स्पर्धा, म्हणजे आठ याद्या आणि आठ विजेते. प्रत्येक यादीतलं पहिलं नाव किती वेळा जिंकलं, ते त्याला मोजायला बसवा आणि आकडा कळवा. जो येईल तो इथेच छापतो.