हजेरीपटावरून रंगमंचावर

भिवंडी तालुक्यातलं दापोडे आज ओळखलं जातं ते गोदामांसाठी. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल उतरवायची सोय म्हणून मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. इथून ठाण्याचं गडकरी रंगायतन लांब नाही आणि मोठागाव-मानकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीही जवळ आली आहे. म्हणजे नाट्यगृहांची अडचण नाही. तरी गोदामात काम करणाऱ्या पोराला नट व्हायचं असेल, तर त्याने जायचं कुठल्या वाटेने? याचं उत्तर नटांच्या गाजलेल्या भूमिकांत सापडत नाही. त्यांना महिन्याचा पगार कोण देत होतं, हे पाहावं लागतं.

संगीत नाटकाच्या काळात नट नाटक मंडळीचा असे. बिऱ्हाड मंडळीचं, जेवण मंडळीचं, तालीमही मंडळीचीच. बोलपट आला तसे हेच नट स्टुडिओच्या पगारपत्रकावर गेले. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मधले (१९३६) विष्णुपंत पागनीस मुळात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. पगार पक्का होता, पण करारातून सुटका अवघड. शांता आपटे यांनी १९३९ साली ‘प्रभात’च्या दारात उपोषण केलं ते कराराच्या वादातूनच. दुसऱ्या वर्षी त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. नटीने या धंद्याचा हिशेब इतक्या उघडपणे मांडल्याची उदाहरणं त्यानंतरही फारशी नाहीत.

मंडळ्या मोडल्या, स्टुडिओ थकले आणि नटाला पोसायची जबाबदारी भलत्याच खात्यांकडे गेली. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. तिच्यात उतरणारी माणसं दिवसा कचेरीत असत. साडेपाचला सुटणारी नोकरी, साठवलेली रजा आणि नाटकाची आवड असलेला साहेब, एवढं जुळलं की हौशी संस्था चाले. अशोक सराफ सुमारे १० वर्षं स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात कारकून होते. ‘रजनीगंधा’त (१९७४) त्यांनी जो नोकरदार उभा केला, त्याचा पाठ ते रोज टेबलावर गिरवतच होते. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी, दादा कोंडके ‘अपना बाजार’मध्ये नोकरीला, दोघंही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. लक्ष्मीकांत बेर्डे तर मुंबई मराठी साहित्य संघातच नोकरी करत आणि तिथल्याच रंगमंचावर काम मिळवत. ‘टुरटुर’ हे नाटक १९८३ साली आलं, तोवर हे चाललं.

डॉक्टरांचा प्रकार थोडा निराळा. त्यांना साहेबाची रजा नको होती, रोग्यांची हवी होती. कान-नाक-घशाचे शल्यविशारद श्रीराम लागू पुण्यात आणि पुढे टांझानियात व्यवसाय करून १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, पूर्णवेळ नाटकात आले. पुढच्याच वर्षी २३ डिसेंबरला ‘नटसम्राट’ आणि १९७२ मध्ये ‘पिंजरा’. जब्बार पटेल यांचा बालरोगांचा दवाखाना दौंडला. त्यांनी दिग्दर्शित केलेलं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी उभं राहिलं. त्यातले नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. नाटकावरून झालेल्या वादानंतर या मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली. तिथून जब्बार ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ अशा चित्रपटांकडे गेले. माझ्या मते त्या चित्रपटांतला निर्भयपणा काही अंशी या व्यवस्थेचा आहे. चित्रपट पडला तरी चूल पेटणार असेल, तर दिग्दर्शक निर्मात्यापुढे वाकत नाही.

बायकांना नोकरी-व्यवसायाच्या आधाराची ही सोय कमीच मिळाली. कचेरी, घर आणि तालीम अशी तिहेरी कसरत फार थोड्यांना जमली. त्यांच्यासाठी नवं दार उघडलं ते मुंबई दूरदर्शनने. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचत; तिथून त्या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत गेल्या.

याच काळात गिरणगावातही नाटक होतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये, चाळींच्या गणेशोत्सवांत, कामगार कल्याण केंद्रांत. गिरणीची पाळी आठ तासांची. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटला की तालमीला मोकळा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि कापडाचं बरंचसं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. माग आले, कामगार रंगभूमी आली नाही. याचं खापर कुणी दूरचित्रवाणीवर फोडेल; मला ते पटत नाही. यंत्रमागाची पाळी १२ तासांची आणि मागावरचा मजूर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. वेळही नाही आणि मराठी नाटकाची भाषाही नाही.

आता मालिका आहेत. घोडबंदर रोडच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत त्यांचं चित्रीकरण चालतं, म्हणजे दापोड्याहून खाडीपलीकडे. तिथली पाळीही १२ तासांची आणि मानधन हातात पडायला तीन-तीन महिने. बँकेत राहून मालिका करता येत नाही. नोकरी आधी सोडावी लागते. एकांकिका स्पर्धेत चमकलेली मुलं म्हणून विशीतच हा निर्णय घेतात. मागची पिढी तो निर्णय पस्तिशी-चाळिशीपर्यंत लांबवू शकत होती आणि तेवढ्या काळात त्यांच्या चुका प्रायोगिक मंचावर, फुकटात होऊन जात.

दापोड्याच्या तरुणासाठी एक वाट अजून कागदोपत्री शिल्लक आहे. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याप्रमाणे कामगाराच्या पगारातून वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात, छोटी वर्गणी कापली जाते आणि मालकही आपला वाटा भरतो. त्या निधीवर चालणारं कामगार कल्याण मंडळ आजही नाट्यस्पर्धा भरवतं. ठेकेदाराच्या मस्टरवर ज्याचं नाव रीतसर आहे, त्याचीही वर्गणी जाते. तालीम मात्र रात्री सात ते दहा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं म्हटलं तर तिची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबरात लागते, म्हणजे तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरात. नेमक्या त्याच महिन्यांत ऑनलाइन खरेदीचा दिवाळी हंगाम असतो, आणि गोदामात जादा पाळी लागते.