ताईचे अकरा महिने

मुलांनो, तुमच्या शाळेत पाहुणे येतात ना? केंद्रप्रमुख येतात, आरोग्य तपासणीला डॉक्टर येतात, 15 ऑगस्टला सरपंच येतात. खाऊ वाटून होतो, टाळ्या होतात आणि तासाभरात पाहुणे जातात. पण आमच्या शाळेत 2024 च्या पावसाळ्यात एक पाहुणी आली, ती अकरा महिने राहिली. तिची गोष्ट आज तुम्हांला सांगते.

आमची शाळा राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर आहे. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. मी पहिली-दुसरीला शिकवते. ऑगस्ट महिना होता. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला माहीत नसेल तर सांगते, इथं छत्री असली काय नि नसली काय, भिजायचं ते भिजायचंच! अशा पावसात एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. कागद भिजू नयेत म्हणून तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरले होते. स्वतः मात्र ओलीचिंब.

“मॅडम, मला हितं प्रशिक्षणाला दिलंय,” ती म्हणाली.

ती पलीकडच्या वाडीची, बी.ए. झालेली. दोन वर्षं घरीच होती. शेतात भात लावायचं, म्हशींचं बघायचं आणि नोकरीच्या जाहिराती वाचायच्या. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू केली होती. शिक्षण झालंय पण काम नाही, अशा 18 ते 35 वर्षांच्या मुलामुलींनी सरकारी कार्यालयात, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा कारखान्यात सहा महिने प्रत्यक्ष काम करून शिकायचं. त्याबद्दल सरकार दरमहा विद्यावेतन देणार. बारावी झालेल्यांना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये. पैसे थेट बँकेच्या खात्यात.

मुलं लगेच तिला ‘ताई’ म्हणू लागली. पहिले आठ दिवस ताई कोपऱ्यात बसून शालेय पोषण आहाराची नोंदवही लिहायची, तांदळाचा हिशेब जुळवायची. बोलायची नाही. मुलांनी काही विचारलं की माझ्याकडं बघायची.

आमच्या दुसरीत एक मुलगा होता. गणितात हुशार, पण वाचायचं म्हटलं की गप्प. पुस्तक पुढं केलं की लघवीला पळायचा! दोन वर्ग एका खोलीत सांभाळताना त्याच्या एकट्याजवळ बसायला मला वेळ मिळत नव्हता. हे मी तुमच्यापुढं कबूल करते. एके दिवशी ताईनं त्याला विचारलं, “तुला काय वाचायला आवडंल?” तो म्हणाला, “येष्टीची पाटी.” झालं! ताईनं दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या पाट्या करून आणल्या. राधानगरी, कोल्हापूर, दाजीपूर, गारगोटी, परिते. वर्गात एसटी सुरू झाली. ज्याला पाटी वाचता येईल तोच कंडक्टर. दिवाळीपर्यंत आमचा हा कंडक्टर सगळ्या पाट्या वाचू लागला आणि नाताळात त्यानं आईला दुकानातल्या साबणाचं नाव वाचून दाखवलं.

बघा, सरकारी कागदावर या सगळ्याला ‘कार्य प्रशिक्षण’ एवढंच नाव आहे. शिकायला ताई आली होती, पण शिकलो आम्ही सगळेच.

आता जरा मागं जाऊ. बेकारांना काम द्यायचं ही कल्पना आजची नाही. ताईची आजी आटपाडीकडची. ताईचा पहिला महिना बँकेत जमा झाला तेव्हा आजी तिला म्हणाली, “तू पंख्याखाली बसून शिकतीयास. आम्ही बहात्तरच्या दुष्काळात उन्हात खडी फोडली बाई!”

1972 चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. विहिरी आटल्या, पिकं गेली, जनावरांना चारा नाही. तेव्हा सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. माणसं सकाळी हजेरीपटावर नाव लावायची आणि दिवसभर माती उपसायची. मुलांना आणि मजुरांना सुकडी मिळायची. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती!

पण दुष्काळ पडला की काम आणि पाऊस पडला की बंद, असं का? काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, असं म्हणणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव वि. स. पागे. ते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या प्रयत्नानं 1965 साली तासगाव तालुक्यात हा प्रयोग सुरू झाला. पुढं त्यातूनच राज्याची ‘रोजगार हमी योजना’ उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ‘हमी’ म्हणजे खात्री. मागितलं तर काम मिळेल, आणि वेळेत काम दिलं नाही तर सरकारनं बेकारभत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला एकाच दरानं मजुरी.

याला पैसा कुठून आणला असेल? गंमत ऐका. 1975 पासून महाराष्ट्रात नोकरदारांच्या पगारातून ‘व्यवसाय कर’ कापायला सुरुवात झाली, तो या योजनेसाठीच. माझ्या पगारातूनही दरमहा 200 रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे किती झाले? करा हिशेब! म्हणजे ज्याला काम आहे त्यानं, ज्याला नाही त्याच्यासाठी थोडं द्यायचं.

महाराष्ट्रानं दाखवलेली ही वाट पुढं सगळ्या देशानं धरली. 2005 साली संसदेनं कायदा करून खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी दिली. 2009 साली त्याला महात्मा गांधींचं नाव दिलं गेलं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं त्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात 125 दिवस आहेत.

आणि आमच्या राधानगरीचं म्हणाल, तर इथलं धरणच बघा ना! राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावती नदीवर त्याचं काम सुरू केलं. 1922 साली महाराज गेले तेव्हा काम अपुरं होतं. स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. आज त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की बघायला गर्दी होते. पण त्या भिंतीतले दगड कुणाच्या हातांनी रचले? त्या माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पाणी मात्र अजून शेताशेतात पोचतं.

आता पुन्हा ताईकडं येऊ. फेब्रुवारीत तिचे सहा महिने संपले. आम्ही तिला पेन आणि गुलाबाचं रोप दिलं. मुलं रडली. आमचा कंडक्टर म्हणाला, “ताई, उद्या येणार न्हवं?” ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण उत्तर दिलं नाही.

आणि काय सांगू, पुढच्याच महिन्यात बातमी आली! सरकारनं मुदत पाच महिन्यांनी वाढवली होती. ताई परत आली. पण या वेळी ती हसली तरी डोळ्यांत काळजी दिसायची. एकदा डबा खाताना ती म्हणाली, “मॅडम, सायकल शिकवली खरी. आता चालवायला सायकल कुठाय?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुलांनो, ‘हमी’ आणि ‘प्रशिक्षण’ या दोन शब्दांत हाच फरक आहे. हमीत काम मिळण्याची खात्री असते. प्रशिक्षणात शिकायला मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, पण पुढं नोकरी मिळेलच असं नाही. राज्यातल्या कितीतरी प्रशिक्षणार्थींनी मोर्चे काढून, उपोषणं करून ‘आम्हांला कायम करा’ अशी मागणी केली. त्यांचं दुःख खोटं नाही. शाळेला त्यांची गरज होती, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. उलट कुणी म्हणतं, प्रशिक्षण म्हणूनच दिलं होतं, ते कधीतरी संपणारच. दोन्ही बाजू ऐकून घ्या. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा याचं उत्तर तुम्हांलाच शोधायचं आहे.

पुढच्या पावसाळ्यात ताईचे अकरा महिने पुरे झाले. साठवलेल्या पैशांतून तिनं घराच्या छपरावर नवे पत्रे घातले आणि टायपिंगचा क्लास लावला. आता ती परीक्षांचे अर्ज भरते. संध्याकाळी वाडीतली नऊ-दहा मुलं तिच्या अंगणात वाचायला बसतात. त्याचं विद्यावेतन नाही. मी विचारलं, “कशाला गं एवढं?” तर म्हणाली, “येष्टी बंद पडायला नको, मॅडम.”

पहिल्या दिवशी माझ्याकडं बघत गप्प बसणारी हीच का ती मुलगी, असं मला वाटलं.

जाता जाता तुम्हांला एक काम देते. आज रात्री जेवताना घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, “तुमची पहिली कमाई किती होती? ती कुठल्या कामाची? त्या पैशांचं काय केलंत?” आजी असेल तर तिला आधी विचारा. तिला कुणी हे विचारलेलं नसतं. जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. आणि तुमच्या गावात शिकलेला पण काम नसलेला एखादा दादा, एखादी ताई असेल, तर त्यांना ‘रिकामटेकडा’ म्हणून हसू नका. गणितातलं अडलेलं उदाहरण घेऊन त्यांच्याकडं जा. बघा तरी, ते कसं सोडवून देतात!