डिझेल गोठत नाही हो!

डिसेंबर उजाडला की कामशेत-वडगावकडे एक वाक्य ठरलेलं: "थंडीनं डिझेल गोठलंय." सकाळी ट्रॅक्टरचा सेल फिरेना, की मालक बोट दाखवतो टाकीकडे. मग कुणी रॉकेल ओततो, कुणी इंजिनाखाली काटक्या पेटवतो.

अहो, सेलच फिरत नाही, तर त्यात डिझेलचा काय दोष? सेल डिझेलवर नाही, बॅटरीवर फिरतो.

डिझेलमध्ये मेण असतं, कडाक्याच्या थंडीत त्याचे कण होऊन फिल्टर तुंबतो, हे खरं. पण ती थंडी लडाखची. तिथे साधं डिझेल वाहीनासं होतं, म्हणून इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. पुण्याच्या थंडीचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ चा. तरी खात्री म्हणून मी काचेच्या बाटलीत डिझेल भरून रात्रभर अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं. पहाटे बाटलीवर दव होतं. पुसून पाहिलं तर आत तळापर्यंत आरपार.

मग अडतं कुठे? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून दाबून हवा तापते, त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यासाठी इंजिन जोरात फिरायला हवं. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेलला जोर जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी ताकद देते. दिवाळीत कशीबशी चाललेली बॅटरी डिसेंबरात बसते, ती अशी. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून जंपर लावला की ट्रॅक्टर लगेच धडधडतो. तेवढ्यात मेण वितळलं का? आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुवा, क्लॅम्प आवळा.

सेल जोरात फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर मात्र डिझेलकडे बघा. तिथेही संशय थंडीवर नको, आपल्या पावसावर घ्या. चिखलणी उरकून ट्रॅक्टर अर्ध्या टाकीनं उभा राहतो. लोणावळ्याच्या त्या दमट हवेत टाकीच्या आतल्या पत्र्यावर पाणी धरतं आणि तळाशी साचतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं बाटलीत काढा: खाली पाणी, वर डिझेल, स्पष्ट दिसेल. पाणी काढलं की हातपंपानं एअर काढायला विसरू नका.

रॉकेलनं भागतं म्हणणाऱ्यांनो, इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलच पुरवतं. रॉकेल त्यापेक्षा कोरडं. पंप झिजतो, आणि पंपाचं बिल रॉकेलपेक्षा बरंच मोठं येतं.

सुरू होताना पांढरा धूर आला म्हणजे इंजिनात पाणी शिरलं असं नाही. बहुतेकदा ते न जळलेलं डिझेल असतं, इंजिन तापलं की थांबतं. अर्धा तास उभ्यानं तापवायचीही गरज नाही. दोन-चार मिनिटं पुरे, मग हलक्या कामाला लावा. आणि "इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" तर ते गंज रोखतं आणि मे महिन्यात उकळी लांबवतं.

काटक्यांचं मात्र काय सांगू! वर डिझेलची टाकी, खाली जाळ.