कुत्र्याच्या डोळ्यातले मधाचे पोळे

घड्याळाला काच, तसा बुबुळावर कॉर्निया. कुत्र्याचा काय, माणसाचा काय, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा पडद्यात पाहण्यासारखे काय असणार? पुष्कळ आहे.

पूर्वी मेलेल्या जनावराचा डोळा काढून, त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागे. कन्फोकल सूक्ष्मदर्शकात (मूळ कल्पना अमेरिकेच्या मार्विन मिन्स्की यांची, १९५७ सालची) हव्या त्या खोलीवरचाच प्रकाश बारीक छिद्रातून आत घेतात, बाकीचा अडवतात. त्यामुळे जिवंत डोळ्याचे थर सुरी न लावता एकेक करून दिसतात. कुत्रा स्वस्थ बसणार नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध देतात, एवढेच.

निरोगी कुत्र्यात वरती पेशींची फरसबंदी दिसते. तिच्याखाली मज्जातंतूंचे बारीक धागे. डोळ्यात कुसळ गेले की जीव कळवळतो तो यांच्यामुळे. मग जाड मधला थर, त्यात पेशींची केंद्रे चांदण्यांसारखी चमकतात. माणसात वरच्या पेशींखाली बोमनचा म्हणून एक पातळ थर असतो, तो कुत्र्यात नाही.

सर्वात आत षटकोनी पेशींचा एकच थर, हुबेहूब मधाचे पोळे. प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे अडीच हजार पेशी. कॉर्नियात शिरलेले पाणी या पेशी सतत बाहेर उपसतात, म्हणून काच स्वच्छ राहते. मात्र कुत्र्यात आणि आपल्यातही या पेशी मेल्या की नव्या जवळजवळ होत नाहीत. शेजारच्या पसरून जागा भरतात. फारच कमी उरल्या की कॉर्निया फुगून पांढुरका होतो. नेत्रपेढीत दान आलेल्या डोळ्याच्या याच पेशी मोजतात. निरोगी पोळे कसे असते हे ठाऊक असेल तरच बिघडलेले ओळखता येते.

मी माणसांचा डॉक्टर, तरी 'मोत्याच्या डोळ्यात फूल पडलंय, घरातले थेंब घालू का?' असे विचारणारे भेटतात. घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि कॉर्नियावर जखम असेल, तर ती भरत नाही, उलट कॉर्निया विरघळून भोक पडू शकते. माणसालाही हेच लागू. मोत्या डोळा मिटून धरत असेल, पाणी गळत असेल, तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. तिथे फ्लुरोसिनची नारिंगी पट्टी डोळ्याला लावतात. जखम असेल तेवढीच जागा हिरवी दिसते.