रिकामा मंगळवार आणि प्रश्नमंजुषेची लीग

व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे जरा नीट लिहितो.

समजा, तुमचं नारायणगावात किंवा मंचरला चहा-नाश्त्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी मान वर करायला वेळ नसतो. पण मंगळवारी संध्याकाळी सातनंतर? भाडं चालू, कारागिराचा पगार चालू, लाईट चालू आणि खुर्च्या रिकाम्या. याला म्हणतात फिक्स्ड कॉस्ट. गिऱ्हाईक येवो न येवो, ती खिसा कापतेच.

इंग्लंडातल्या पबवाल्यांचं दुखणं हेच होतं. १९७६ मध्ये शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी तिथे पबमधल्या प्रश्नमंजुषांच्या लीग सुरू केल्या. सुरुवातीला ३२ टीम होत्या. हेतू सरळ होता, थंड धंद्याच्या रात्री माणसं आणायची. आपल्याला त्यासाठी पब नको, मिसळ-पाव आणि चहा पुरे.

आता लीगच का? एकच स्पर्धा ठेवली तर लोक एकदा येतात, बक्षीस घेतात आणि विसरतात. लीगमध्ये हरलेली टीम उट्टं काढायला परत येते. आपल्याकडे हे वेगळं शिकवावं लागत नाही. बैलगाड्याच्या घाटात लोक उन्हात उभे राहतात ते काही बक्षिसासाठी नाही, आपल्या गावचा गाडा पळतोय म्हणून.

८ टीम घ्या, प्रत्येकीत ४ जण. प्रश्न सगळ्यांना एकच, पण दर आठवड्याला टीमच्या जोड्या लावा. जोडीत ज्याचे गुण जास्त त्याला २ पॉइंट, बरोबरी झाली तर १-१. ७ आठवड्यांत प्रत्येक टीम प्रत्येकीशी भिडते. फायदा काय, तर तळाच्या टीमलाही शेजारच्या गावाला हरवायची संधी राहते. तक्ता फळ्यावर लिहून दुकानात लावा. लोक तो बघायलासुद्धा येतात, आणि आले की चहा घेतातच!

हिशेब बघा. ३२ माणसं, माणशी ६० रुपयांचं खाणं धरलं तर गल्ला १९२० रुपये. कच्चा माल निम्मा धरा, उरले ९६०. बक्षीस आणि झेरॉक्सचे २०० गेले की ७६०. शनिवारच्या गल्ल्याशी तुलना करू नका, रिकाम्या मंगळवारशी करा. प्रवेश फी आणि रोख बक्षीस मात्र नकोच, पैशावरून मैत्री तुटते. विजेत्या टीमला पुढच्या वेळची मिसळ फुकट द्या. म्हणजे ती परत येणार हे पक्कं.

प्रश्न मातीतले हवेत. आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय कोणतं? घाईत लोक मंचर लिहितात, उत्तर आहे घोडेगाव. खोडदच्या दुर्बिणीच्या डिश किती? ३०. रोज रस्त्याने दिसतात, पण मोजल्यात कोणी?

आणि इथेच मी तोंडावर आपटलो. कुकडी प्रकल्पातली धरणं विचारली. मी पडलो जुन्नरकर. उत्तरपत्रिकेत माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी चारच लिहिली. आंबेगावची टीम उठून उभी राहिली. "डिंभ्याचं पाणी घेता, नाव विसरता होय?" मी हट्टाने गुण कापले. पुढचे दोन मंगळवार ती टीम आली नाही, आणि तिच्याशी भिडायला येणारी टीमही गळाली. एका चुकीच्या उत्तरापायी ८ खुर्च्या रिकाम्या.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः गाडी काढून त्यांच्याकडे गेलो. चूक कबूल केली, गुण परत दिले, फळ्यावरचा तक्ता सगळ्यांसमोर दुरुस्त केला. तेव्हापासून माझी उत्तरपत्रिका आधी आंबेगावचे एक निवृत्त गुरुजी तपासतात. ते कुठल्याच टीममध्ये नाहीत. त्यांची मिसळ माझ्याकडून, आणि ते कट वेगळा मागतात.