औषधाच्या नावात गोरेगाव कुठून आलं? बेंझिनच्या सहा कोपऱ्यांची गोष्ट

सत्तरच्या दशकातले जंतांच्या औषधांवरचे रिसर्च पेपर चाळले, तर एक विचित्र नाव सापडतं. सी ९३३३-गो.

हा कुठल्या गाडीचा नंबर नाही, तर औषधाचा कोड आहे. आणि त्यातलं शेवटचं 'गो' म्हणजे गोरेगाव. तेच, अंधेरी आणि बोरिवलीच्या मधलं.

झालं असं, की सिबा या स्विस कंपनीने गोरेगावात रिसर्च सेंटर उभारलं. १९६३ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधले नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक झाले. के. नागराजन यांच्यासारखे केमिस्ट तिथे नवी औषधं शोधू लागले. इथे तयार झालेल्या रेणूंच्या कोडमध्ये 'गो' लागायचं.

सी ९३३३-गो चं पुढे नाव पडलं अमॉस्कॅनेट. त्याचं शास्त्रीय नाव आहे ४-आयसोथायोसायनॅटो-४'-नायट्रोडायफेनिलअमिन.

नाव वाचून घाबरायचं कारण नाही. त्यातले दोन आकडे तेवढे लक्षात ठेवा, ४ आणि ४. हे आकडे म्हणजे पत्ते आहेत. आणि हे पत्ते गाठणं हेच केमिस्टचं खरं काम असतं.

पत्ता चुकला की पदार्थ बदलला

बेंझिन म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचा षटकोन. प्रत्येक कोपऱ्यावर एक हायड्रोजन. हा हायड्रोजन काढून तिथे दुसरं काही बसवलं की त्याला म्हणतात सबस्टिट्यूशन. औषधं, रंग, कीटकनाशकं, सुगंधी द्रव्यं यातल्या कितीतरी गोष्टी अशाच तयार होतात.

पहिला पाहुणा कुठेही बसला तरी फरक पडत नाही, कारण सहाही कोपरे सारखेच असतात. खरा प्रश्न दुसऱ्या पाहुण्याचा. तो पहिल्याला खेटून बसला तर ती जागा ऑर्थो. एक कोपरा सोडून बसला तर मेटा. अगदी समोर बसला तर पॅरा. पॅरासिटामॉलमधला 'पॅरा' तो हाच.

याने फरक काय पडतो? हायड्रॉक्सीबेंझॉइक ॲसिडचं उदाहरण घ्या. दोन गट शेजारी असले, म्हणजे ऑर्थो, तर ते होतं सॅलिसिलिक ॲसिड, ज्यापासून ॲस्पिरिन बनतं. तेच गट समोरासमोर असले तर त्यापासून पॅराबेन बनतात. शाम्पूच्या बाटलीवर 'पॅराबेन-फ्री' लिहिलेलं असतं, तेच पॅराबेन. अणू तेच, संख्याही तीच, पण पत्ता बदलला आणि डोकेदुखीच्या गोळीचा रस्ता सोडून गाडी क्रीम टिकवणाऱ्या रसायनाकडे गेली.

जागा ठरवतो पहिला पाहुणा

केमिस्टला चिमट्याने अणू उचलून हव्या त्या कोपऱ्यावर ठेवता येत नाही. दुसऱ्याने कुठे बसायचं हे आधी बसलेला ठरवतो.

ऑक्सिजन किंवा नायट्रोजन असलेले काही गट, उदाहरणार्थ फिनॉलमधला ओएच किंवा ॲनिलिनमधला अमिनो, षटकोनाला इलेक्ट्रॉन पुरवतात. ते नव्या पाहुण्याला ऑर्थो आणि पॅराकडे पाठवतात. नायट्रो गट उलट इलेक्ट्रॉन ओढून घेतो. तो रिॲक्शन मंदावतो आणि पाहुण्याला मेटाकडे पाठवतो. क्लोरीनचा स्वभाव मिश्र आहे. रिॲक्शन मंदावतो, पण पाठवतो मात्र ऑर्थो-पॅराकडेच.

म्हणून सगळा खेळ क्रमाचा होतो. समजा, एका षटकोनावर क्लोरीन आणि नायट्रो दोन्ही बसवायचे आहेत. आधी क्लोरीन बसवून मग नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडचं मिश्रण वापरलं, तर साधारण दोन तृतीयांश माल पॅरा मिळतो आणि एक तृतीयांश ऑर्थो. आधी नायट्रो बसवून मग क्लोरीन दिला, तर मुख्यतः मेटा मिळतो.

फोडणीसारखंच आहे हे. मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकली की करपते. जिन्नस तेच, पण क्रम चुकला की चव गेली.

आणि क्रम बरोबर असला तरी नको असलेला एक तृतीयांश माल उरतोच. तो वेगळा करा, विका किंवा विल्हेवाट लावा. कारखान्यात खर्च आणि प्रदूषण दोन्ही इथेच वाढतात. नायट्रेशनमध्ये उष्णताही भरपूर बाहेर पडते. तापमानावरचा ताबा सुटला तर स्फोट होऊ शकतो.

मग हवा तोच पत्ता कसा गाठायचा?

यासाठी केमिस्टकडे काही युक्त्या आहेत.

पहिली युक्ती, नायट्रोकडूनच काम करून घेणं. इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या या गटामुळे त्याच्या समोरचा क्लोरीन सैल होतो. त्याच्या जागी ॲनिलिनसारख्या पदार्थातला नायट्रोजन येऊन बसतो आणि दोन षटकोन एकमेकांना जोडले जातात. अमॉस्कॅनेटचा सांगाडा असाच आहे. मधे नायट्रोजन, दोन बाजूंना दोन षटकोन, एकावर समोर नायट्रो आणि दुसऱ्यावर समोर आयसोथायोसायनेट.

दुसरी युक्ती, वेषांतर. नायट्रोचं अमिनोमध्ये रूपांतर करता येतं. म्हणजे मेटाकडे पाठवणारा गट ऑर्थो-पॅराकडे पाठवणारा होतो. त्याच अमिनोवर शून्य ते पाच अंश सेल्सिअसला नायट्रस ॲसिडची प्रक्रिया केली की डायझोनियम मिळतं. १८५८ मध्ये पीटर ग्रीस यांनी ते शोधलं. त्याच्या जागी क्लोरीन, ब्रोमीन, सायनाइड असं बरंच काही बसवता येतं. यासाठी मात्र बर्फ हाताशी हवा, कारण उकाड्यात डायझोनियम टिकत नाही.

तिसरी युक्ती नव्या जमान्यातली. पॅलेडियम धातूच्या मदतीने ठरलेल्या कोपऱ्यावरच थेट जोडणी करायची. या कामासाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं.

गोरेगावच्या रेणूचं पुढे काय झालं?

अमॉस्कॅनेटकडून मोठी आशा होती. हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. हा जंत अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून शरीरात शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. शेतात राबणाऱ्या गरिबांचा हा आजार. १९७७ मध्ये हुकवर्मच्या रुग्णांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीवरही हे औषध चाललं.

पण जीवाणूंवरच्या चाचणीत ते जनुकांमध्ये बदल घडवतं असं दिसलं. मोठ्या डोसनंतर उंदरांच्या मेंदूला इजा झाल्याचं दिसलं. नायट्रो गट असलेल्या अनेक रेणूंबाबत हा धोका असतो, कारण जीवाणू आणि शरीर त्या गटाचं रूपांतर करताना डीएनएला चिकटणारे पदार्थ तयार होऊ शकतात. अमॉस्कॅनेट रोजच्या वापरातलं औषध काही झालं नाही.

मग नायट्रो गट वाईटच का? तसंही नाही. याच गोरेगावच्या लॅबमधून नायट्रॉक्सॅझेपिन हे नैराश्यावरचं औषध आलं. १९८२ मध्ये ते सिंटामिल या नावाने भारतात बाजारात आलं. त्यातही नायट्रो आहे, षटकोनावरच्या ऑक्सिजनच्या बरोबर समोर. अमिबावर चालणारं सॅट्रॅनिडॅझोल हेही गोरेगावचंच. त्यात पाच कोपऱ्यांची कडी आहे आणि तिच्यावरही नायट्रोच बसलाय.

म्हणजे गट तोच, पण एका रेणूत तो धोक्याचा ठरला आणि दुसऱ्यात औषधाचा भाग झाला. कुठला गट कुठल्या कोपऱ्यावर बसणार हे केमिस्ट नियमांच्या आधारे बऱ्यापैकी आधी सांगू शकतो. पण तो रेणू माणसाच्या शरीरात काय करेल हे कागदावरच्या षटकोनातून कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं चाचण्या कराव्या लागतात. एखादा रेणू हातातोंडाशी येऊन निसटतो तो तिथेच.

१९७० मध्ये सिबा आणि गायगी एकत्र आल्या. १९९६ मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस जन्माला आली. कंपन्यांची नावं बदलत गेली. जुन्या पेपरांमध्ये कोडच्या शेवटी 'गो' मात्र अजून तसंच छापलेलं आहे.